शीव गावांची, गरज मुलखाची

पाणी, रस्ता, कचरा, पेटलेल्या उसासाठी आगीचा बंब. यांपैकी एकही काम आज एकट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले राहिलेले नाही. शेजारच्या गावांनी एकत्र येऊन ही कामे करावीत, असे कायदा साठ वर्षांहून अधिक काळ सांगत आला आहे. तरीही तसे घडत नाही. श्रीपूर आणि आसपासच्या मुलखाच्या निमित्ताने या प्रश्नाचा हा मागोवा.

मोर्चा काढायचा असला की आपल्याकडे दहा गावे एका रात्रीत एकत्र येतात. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातील पस्तीस गावांचा पाण्याचा लढा महाराष्ट्राला ठाऊक आहे. या भागातल्या गावांनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीवर एकमताने बहिष्कार टाकला. ग्रामसभांचे ठराव झाले, बैठका झाल्या आणि पक्षभेद विसरून माणसे एका मांडवाखाली बसली. ‘गाव करील ते राव काय करील’ ही म्हण त्या वेळी अक्षरशः खरी वाटावी, अशीच ती एकजूट होती.

परंतु मागणी करताना एकत्र येणारी गावे कारभार करतानाही एकत्र राहतात का, याचे उत्तर मात्र फारसे समाधानकारक नाही. पाणी मिळेपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एक असतो. पाणी आले की पाणीपट्टी कोणी किती द्यायची, वीजबिल कोणाच्या नावावर, व्हॉल्व्हची चावी कोणाच्या हाती, असे प्रश्न उभे राहतात आणि प्रत्येक गाव पुन्हा आपापल्या शिवेच्या आत जाऊन बसते. आंदोलनाला पुढारी लागतो. कारभाराला त्याशिवाय वही लागते, हिशेबनीस लागतो आणि ‘तुमचा वाटा एवढा’ असे तोंडावर सांगू शकणारी व्यवस्था लागते. आपल्या पंचायत राज्यात नेमकी ही व्यवस्थाच गावा-गावांच्या मध्ये उभी राहिलेली नाही.

कारखान्याभोवतीचा मुलूख

माळशिरस तालुक्यातले श्रीपूर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हे गाव वाढले ते साखर कारखान्याबरोबर. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना श्रीपूरला उभा राहिला. त्याच दशकात शेजारी माळीनगरला सासवडच्या माळी मंडळींनी आपला कारखाना काढला. पुढे सहकाराचे युग आले. शंकरराव मोहिते-पाटलांनी अकलूजला सहकारी कारखाना उभारला, तर श्रीपूरचे नाव सुधाकरपंत परिचारकांच्या नेतृत्वाखालील श्री पांडुरंग सहकारी साखर कारखान्याशी जोडले गेले. एवढ्याशा टापूत इतकी धुराडी असलेले मुलूख महाराष्ट्रातही फार नाहीत.

आता कारखाना उभा असतो एका गावाच्या हद्दीत, पण त्याचा संसार पसरलेला असतो पन्नास गावांत. हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या जोडट्रॉल्या आजूबाजूच्या प्रत्येक गावाच्या रस्त्यावरून जातात आणि त्या रस्त्याची चाळण करतात. बीड-नगरकडून आलेल्या तोडणी मजुरांच्या कोप्या कुठल्या तरी माळावर पडतात. त्या माणसांना पाणी कोणी द्यायचे, त्यांच्या पोरांची शाळा कोणी पाहायची, बाळंतीण अडली तर धावायचे कोणी? ज्या गावच्या हद्दीत कोप्या पडल्या ते गाव म्हणते, ‘ही कारखान्याची माणसे’. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. साखरशाळा आल्या, त्यांच्या योजना बदलल्या, मजुरांच्या जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहे निघाली. परंतु या शिवारातून त्या शिवारात हलणाऱ्या टोळीची जबाबदारी कोणत्याही एका ग्रामपंचायतीच्या दप्तरात नीट बसली नाही.

उत्पन्नाची बाजू याच्या नेमकी उलटी आहे. कारखान्याच्या इमारतींवरचा कर हद्द ज्या गावाची त्या गावाला मिळतो. कराऐवजी कारखान्याकडून ठोक रक्कम घेण्याची सोयही ग्रामपंचायत कायद्याच्या १२५ व्या कलमात आहे. म्हणजे एक ग्रामपंचायत सधन होते आणि जिच्या रस्त्यावरून रात्रंदिवस ऊस वाहतो ती शेजारची पंचायत दिवाबत्तीच्या बिलासाठी जिल्हा परिषदेकडे डोळे लावून बसते. यात कोणाची लबाडी नाही. कराची शीव गावापाशी थांबते आणि खर्चाची शीव मुलखाएवढी पसरते, एवढाच याचा अर्थ.

गावपण सोडण्याची वाट

या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग श्रीपूर परिसराने घेतला. महाळुंग आणि श्रीपूर ही दोन नावे जोडून नगरपंचायत झाली. डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत तिच्या सतरा जागांची पहिली निवडणूक पार पडली. याच तालुक्यात नातेपुते नगरपंचायत झाली आणि राज्यातल्या बड्या ग्रामपंचायतींत गणल्या जाणाऱ्या अकलूजला २०२१ मध्ये नगरपरिषद मिळाली. माळशिरसला तर तालुक्याचे ठिकाण म्हणून, २०१४ च्या धोरणानुसार, आधीच नगरपंचायत मिळाली होती.

नगरपंचायतीचे फायदे उघड आहेत. पूर्णवेळ मुख्याधिकारी मिळतो, नागरी योजनांचे दार उघडते, गटारे आणि नगररचना यांचा एकत्र विचार करता येतो. ज्या वस्त्या प्रत्यक्षात एकमेकींना चिकटल्या आहेत त्यांचा कारभार एका छपराखाली यावा, हे योग्यच आहे. परंतु त्याची किंमतही असते. नगरपंचायत झालेले गाव जिल्हा परिषद आणि पंचायत समितीतून बाहेर पडते. ग्रामीण घरकुले आणि ग्रामीण रोजगार हमीची कामे यांना ते मुकते. वाडी-वस्तीवर राहणारा शेतकरी कागदोपत्री शहरवासी होतो, परंतु त्याच्या वस्तीचा रस्ता काही त्या दिवशी डांबरी होत नाही. शिवाय ग्रामसभाही जाते. वर्षातून निदान काही वेळा सरपंचाला उभे करून जाब विचारण्याची गावकऱ्यांची जागा नगरसेवकांच्या सभागृहात उरत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या वाटेने शेजाऱ्यांचा प्रश्न सुटत नाही. परिसरातले त्यातल्या त्यात मोठे आणि सुस्थितीतले गाव वेगळे निघाले, की उरलेली लहान गावे अधिकच एकटी पडतात. कालपर्यंत पंचायत समितीत एकमेकांशेजारी बसणारे दोन सदस्य आता दोन निरनिराळ्या खात्यांच्या कक्षेत जातात, एकाचे मंत्रालय नगरविकास तर दुसऱ्याचे ग्रामविकास. नदी तीच, रस्ता तोच, कचऱ्याचा ढीगही दोघांच्या शिवेवरचाच. पण फायलीच्या वाटा मात्र वेगळ्या झाल्या.

कायदा आडवा येत नाही

कायद्यातच सोय नसेल, असे कोणाला वाटेल. तसे मुळीच नाही. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात त्रिस्तरीय पंचायत राज्य सुरू झाले. त्याच्याही आधी, १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात, दोन किंवा अधिक पंचायतींनी समान हिताच्या कामासाठी आपापल्या सभासदांची संयुक्त समिती नेमावी, अशी तरतूद करून ठेवलेली आहे. फार लहान गावांसाठी गट ग्रामपंचायतीची सोय आहे. अनेक गावांच्या पाणीयोजनेसाठी सरपंचांची शिखर समिती असावी, ही कल्पनाही शासनाच्या धोरणात आली. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना घटनेचे संरक्षण दिले. ७४ व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आणली. गावे आणि शहरे यांच्या सामाईक हिताच्या गोष्टी, विशेषतः पाणी, तिथे एकत्र विचारात घ्याव्यात, असे घटनाच सांगते.

केंद्राने २०१६ च्या फेब्रुवारीत श्यामाप्रसाद मुखर्जी रुर्बन मिशन सुरू केले. त्याचा पायाच मुळी गावसमूहाचा होता. सपाट प्रदेशात पंचवीस ते पन्नास हजार लोकवस्तीची लगतची गावे एक समूह धरायची आणि रस्ते, पाणी, कौशल्यशिक्षण यांची एकत्रित आखणी करायची. देशभरात असे तीनशे समूह घेण्याचे ठरले होते. कल्पना चांगली होती. पण समूह वरून ठरला आणि पैसाही वरून आला. अशा वेळी निधी असेपर्यंत गावे एकत्र दिसतात. तो संपला की त्या समूहाला स्वतःचे खाते नसते, नोकर नसतो आणि पुढची बैठक बोलावणाराही नसतो.

थोडक्यात, एकत्र येण्याची परवानगी सगळीकडे आहे, परंतु एकत्र येण्याचे कारण कोठेच नाही. निधी प्रत्येक गावाला स्वतंत्र मिळतो, लेखापरीक्षण स्वतंत्र होते, पुरस्कार एका गावाला मिळतो आणि निवडणूकही गावापुरतीच लढली जाते. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, २०१५ ते २०२० मध्ये, सगळा निधी थेट ग्रामपंचायतींना गेला. पंधराव्या आयोगात महाराष्ट्राने ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला दिले. गावाच्या हाती पैसा आला हे उत्तमच झाले. पण त्यातला काही वाटा शेजारच्या गावाबरोबर खर्च केला तर अधिक मिळेल, असा आग्रह कोणी धरला नाही. मग सरपंच शेजारच्या गावाच्या पाइपलाइनवर आपल्या गावचा पैसा का घालील?

पाण्याच्या नळातून दिसणारे सत्य

गावांच्या सहकार्याची खरी परीक्षा प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेत होते. सोलापूर जिल्हा हा अवर्षणाचा जिल्हा. एका गावाच्या विहिरीवर भागत नाही, म्हणून नदीवर जॅकवेल घ्यायची, पाणी शुद्ध करायचे, उंचावरच्या टाकीत चढवायचे आणि तेथून उताराने गावोगाव न्यायचे, ही या योजनांची रीत. सांगोल्यातली शिरभावी योजना अशीच भीमेच्या पाण्यावर ऐंशीहून अधिक गावांसाठी झाली आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावणाऱ्या तालुक्याला तिने मोठा आधार दिला. मंगळवेढ्यातली भोसे योजना चाळीसच्या आसपास गावांसाठी उभारली गेली. ती मात्र पूर्ण होऊनही वारंवार बंद पडल्याने गाजली.

अशा योजना बंद का पडतात, हे समजून घेण्यासारखे आहे. योजना बांधते जीवन प्राधिकरण किंवा जिल्हा परिषद. चालवण्याचा खर्च गावांनी द्यायचा असतो. त्यात सर्वांत मोठा आकडा विजेचा. पंपाला मीटर एकच, म्हणून बिलही एकच येते. ते चाळीस गावांनी मिळून भरायचे. समजा, पंचवीस गावांनी पट्टी गोळा करून भरली आणि पंधरा गावांनी थकवली. वीज तुटते तेव्हा ती फक्त पंधरा गावांची तुटत नाही, सगळ्यांचीच तुटते. मग पुढच्या वर्षी त्या पंचवीस गावांतला शहाणा सरपंचही म्हणतो, ‘भरूनही पाणी येत नाही, तर भरायचे कशाला?’ येथून योजनेची उतरंड सुरू होते.

दुसरे दुखणे शेपटीच्या गावांचे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. नळयोजनेतही तेच घडते. वरच्या गावांत मुख्य वाहिनीला चोरून तोट्या जोडल्या जातात, कोणी जनावरांचा हौद भरतो, कोणी डाळिंबाला पाणी सोडतो. शेवटच्या गावाच्या टाकीत पाण्याऐवजी हवा येते. आणि त्या गावातली बाई हंडा घेऊन पुन्हा पूर्वीच्याच वाटेला लागते. तिच्या लेखी ती योजना कितीही कोटींची असली तरी झालीच नाही. वरच्या गावच्या सरपंचाला तोट्या तोडायला सांगण्याचा अधिकार शेवटच्या गावच्या सरपंचाला नसतो. ज्यांना तो असतो ते अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. मार्च २०२२ नंतर काही वर्षे तर जिल्हा परिषदेत लोकनियुक्त सदस्यच नव्हते. प्रशासकाच्या हाती कारभार होता. त्या काळात दोन गावांचे भांडण सोडवायला मधला माणूसही उरला नाही.

कारखान्याला जमते ते

गावांना एकत्र हिशेब ठेवता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. याच मातीत त्याचे खणखणीत उदाहरण आहे. सहकारी साखर कारखाना म्हणजे अनेक गावांची संयुक्त समितीच नव्हे काय? सभासद गावोगावचे, संचालक गटवार निवडलेले, उसाची नोंद तारखेनुसार, वजनाची पावती हातात आणि देणे-घेणे उसाच्या बिलातून वळते होणारे. विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला १९५० च्या सुमारास जी रीत घालून दिली तिचे बळ भाषणांत नव्हते, ते या पावतीत होते. शेजारच्या गावच्या शेतकऱ्याचा ऊस किती टन गेला, हे मला कळते. माझा किती गेला हे त्याला कळते. विश्वास यातून येतो.

अर्थात सहकाराचा दुसरा चेहराही या मुलखाला परिचित आहे. संस्था अनेक गावांची आणि शब्द एका वाड्याचा, असे झाले की सभासद नावापुरते उरतात. गावांच्या संयुक्त समितीचेही तसे होऊ शकते. म्हणून तिचा जमाखर्च दरवर्षी प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे आणि अध्यक्षपद गावांमध्ये फिरते राहिले पाहिजे. एवढे पथ्य पाळले नाही, तर पंचायतींच्या डोक्यावर आणखी एक सत्ताकेंद्र तेवढे बसेल.

दुसरे उदाहरण दरवर्षी आषाढात दिसते. संत तुकाराम महाराजांची पालखी अकलूजहून माळीनगर, श्रीपूर या वाटेने बोरगावच्या मुक्कामाला जाते. लाखोंचा समाज एका दिवसात या गावांतून पुढे सरकतो. टँकर कोठे उभे करायचे, तात्पुरती शौचालये किती, दवाखान्याचे पथक कोणत्या वळणावर, वारी पुढे गेल्यावर झाडलोट कोणी करायची, याची आखणी गावे, नगरपंचायत, जिल्हा परिषद, महसूल आणि पोलीस मिळून करतात. हद्दीचा वाद त्या दिवशी कोणी काढत नाही. कारण पालखीची तारीख ठरलेली असते, वाट ठरलेली असते आणि प्रत्येकाचे काम नेमून दिलेले असते. भक्तीचा वाटा आहेच, पण नियोजनाचाही आहे. तेच नियोजन उरलेल्या दिवसांना का लागू पडू नये?

दोन देश, दोन वाटा

लहान गावांचा हा पेच फक्त आपला नाही. जपानने १९९९ ते २०१० या काळात विलीनीकरणाची मोठी मोहीम काढली. ३,२३२ नगरे व गावे होती, ती १,७२७ वर आली. खर्च कमी होईल, सेवा सुधारतील, ही अपेक्षा होती. काही ठिकाणी ती खरीही ठरली. परंतु दूरच्या डोंगरी गावांतली कचेरी गेली आणि आपला आवाज कोणी ऐकत नाही, ही भावना मागे राहिली.

फ्रान्सने दुसरी वाट धरली. तेथे सुमारे ३५ हजार कम्युन आहेत, म्हणजे आपल्या राज्यातल्या जवळपास २८ हजार ग्रामपंचायतींपेक्षाही अधिक. अनेकांची वस्ती काही शेकड्यांची. ती गावे मोडली नाहीत. प्रत्येकीचा महापौर राहिला, परिषद राहिली. मात्र कचरा, पाणी, वाहतूक, आर्थिक विकास अशी कामे शेजारच्या कम्युनांच्या संघांकडे गेली. १९९९ च्या कायद्याने या संघांना स्वतःचे करउत्पन्न आणि सरकारी अनुदान यांची जोड दिली. उद्योगांवरचा कर संघाच्या पातळीवर एकत्र करण्याची सोय झाली. म्हणजे कारखाना कोणत्याही गावात असो, त्याचा लाभ साऱ्या मुलखाला. आज तेथे असे साडेबाराशेच्या आसपास संघ आहेत. तेही निर्दोष नाहीत. निर्णय गावापासून लांब गेल्याची तक्रार तेथेही ऐकू येते. परंतु गाव न मोडता मुलखाचा कारभार करता येतो, एवढे त्यांनी सिद्ध केले.

सुरुवात कोठून?

आपल्याकडे सुरुवात लहान ठेवावी लागेल. एकदम ‘मुलखाचा विकास’ असे नाव घेतले की बैठकीत भाषणे होतात आणि काम उरते. त्यापेक्षा पाच-सात लगतच्या पंचायतींनी एकच काम निवडावे. उन्हाच्या तडाख्यात उभा ऊस पेटतो तेव्हा आगीचा बंब मोठ्या गावाहून येईपर्यंत फड राख होतो. प्रत्येक गावाला बंब परवडणार नाही, पण सात गावांना आणि कारखान्याला मिळून तो सहज परवडेल. कचऱ्याचेही तसेच. प्रत्येक गावाने आपल्या शिवेवर, म्हणजे शेजाऱ्याच्या नाकाखाली, ढीग घालण्यापेक्षा एक जागा, एक वाहन, एक पगारी माणूस आणि ठरलेला वाटा, हे अधिक स्वस्त पडेल. शेजारची नगरपंचायत यात सामील झाली तर उत्तमच. कायदा पंचायतीला दुसऱ्या स्थानिक संस्थेशी हातमिळवणी करू देतो.

पाणीयोजनेत पहिली सुधारणा मीटरची हवी. प्रत्येक गावाच्या टाकीच्या तोंडाशी मीटर बसला आणि त्याचा आकडा दर महिन्याला सगळ्या गावांच्या फलकावर लागला, तर साखर कारखान्याच्या वजनपावतीचे काम तो करील. थकवणाऱ्या गावाचा पुरवठा तोडता येईल, भरणाऱ्याचा चालू राहील. शेवटच्या गावाला आधी पाणी, असा पाळीचा नियम समितीने करावा. आणि शासनाने, आपल्या निधीतला एक भाग तरी, ज्या गावांनी संयुक्त समितीचा ठराव केला आणि वाटा प्रत्यक्ष भरला त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

हे करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. लागते ती शेजारच्या सरपंचाबरोबर एका वहीवर सही करण्याची तयारी. ती सही आज अवघड वाटते, कारण तिच्यामुळे मते वाढत नाहीत. शेजारच्या गावातल्या हंड्याचा आपल्या निवडणुकीशी संबंध नसतो. परंतु आपल्या गावची लेक शेजारच्याच गावात नांदत असते, हेही तितकेच खरे. योजनेच्या शेवटच्या टोकाला रिकामा हंडा घेऊन उभी असलेली बाई कोणाची तरी माहेरवाशीण आहे. गावांच्या वेगवेगळ्या दप्तरांत तिला आजवर जागा मिळालेली नाही. ती सामाईक वहीतच मिळू शकते.